उट्रेख्त पहिल्यांदा बघताना

नेदरलँड्समधलं हे शहर बघायला सुरुवात औडेग्राख्त कालव्यापासून करा, पण वरच्या रस्त्यावरून नको. पायऱ्या उतरून पाण्यालगतच्या धक्क्यावर या. मध्ययुगीन तळघरं इथेच उघडतात, आत आता कॅफे आणि कलाकारांच्या कार्यशाळा आहेत. बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, मुलांचा हात सोडू नका.

डोम मनोऱ्याच्या ४६५ पायऱ्या मार्गदर्शकासोबतच चढता येतात, तिकीट आधीच काढा. मनोरा आणि चर्च यांच्यामधला चौक नीट बघा: १६७४ च्या वादळात चर्चचा मधला भाग कोसळला, तो परत बांधलाच नाही. शहराचा इतिहास इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो.

आधुनिक वास्तुकलेसाठी प्रसिद्ध असलेलं १९२४ चं रीटफेल्ट श्रोडर घर बघायचं तर वेळ आरक्षित करा. संध्याकाळ जुन्या शहराभोवतीच्या सिंगल कालव्याकाठच्या झाडीसाठी ठेवा. या कालव्याच्या बुजवून मोटाररस्ता केलेल्या भागात २०२० मध्ये पुन्हा पाणी खेळू लागलं. आणि फोटोसाठी लाल सायकलपट्ट्यावर थांबू नका.