मेल निघतो, पोचत नाही

प्रश्न : घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर पोस्टफिक्स टाकून स्वतःचा मेल सर्व्हर केला. डोमेन माझं, इंटरनेट साधं घरगुती. घरातल्या घरात मेल जातात-येतात, पण पुण्याच्या भाचीला पाठवलेले रांगेतच पडून राहतात. लॉगमध्ये 'कनेक्शन टाइम्ड आउट' एवढंच. तिचेही मला येत नाहीत. कुठे चुकतंय?
– एक निवृत्त वाचक, गिरगाव

उत्तर : पोस्टफिक्सला बोल लावू नका, घोडं बहुधा जोडणीत अडलंय. मेल सर्व्हर एकमेकांशी २५ नंबरच्या पोर्टवर बोलतात. व्हायरस लागलेली घरगुती मशिनं तिथूनच स्पॅम ओकतात, म्हणून बऱ्याच इंटरनेट कंपन्या हा पोर्ट बाहेर जाताना बंद ठेवतात.

भाचीचे मेल न येण्याचं कारण वेगळं असेल. राउटरच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला इंटरनेटचा पत्ता, बघा. सुरुवात १००.६४ ते १००.१२७ मधली असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे कंपनीने अनेक घरांत मिळून एकच बाहेरचा आयपी वाटलाय: अख्ख्या चाळीला एकच टपालपेटी, आणि खोली नंबर कुठेच नाही. त्यावर उपाय स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता.

मुलुंडला मीही तो घेतला. पोर्टही उघडून मिळाला. तरी मेल स्पॅममध्ये! कारण त्या आयपीची रिव्हर्स डीएनएस नोंद (हा आयपी कोणत्या नावाचा, ते सांगणारी) आपल्या डोमेनच्या पॅनेलमध्ये नसते, ती कंपनीच्या हातात. कस्टमर केअरला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा, "सर, एकदा राउटर बंद करून चालू करा." केला बापडा. शिवाय स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा पत्त्यांच्या) घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे असतात. त्यासाठी तुम्ही काही केलेलं असावं लागत नाही.

तेव्हापासून मी मेल घरी घेतो, पण पाठवतो रिले सेवेमार्फत, म्हणजे आपले मेल पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्याच्या सर्व्हरवरून. पोस्टफिक्समध्ये 'रिलेहोस्ट' भरायचा, पोर्ट ५८७, युजरनेम-पासवर्ड. एसपीएफमध्ये (आपल्या डोमेनचे मेल कोण पाठवू शकतं, त्या डीएनएस नोंदीत) त्या सेवेचं नाव घालायला विसरू नका. मी विसरलो होतो. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, तीही लावा. जीमेल फेब्रुवारी २०२४पासून दोन्हींपैकी एक तरी प्रत्येकाकडे मागतं.

"हा सगळा उपद्व्याप कशाला?" असं आमच्या घरीही विचारतात. माझा टपाल-डबा माझ्या पोटमाळ्यावर आहे, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

वीज गेली तर? एका जुलैत आमच्या इमारतीच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं आणि दीड दिवस अंधार. मला वाटलं, गेले सगळे मेल. पण समोरचे सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतात. वीज आली आणि दुपारभर मेल ठिबकत राहिले. त्यात बँकेचा ओटीपीही होता, दहा मिनिटांत वापरायचा. बँकेला तेवढा जुनाच आयडी राहू द्या.