बिवळ्याच्या लाकडाच्या पेल्यातलं पाणी पिऊन शुगर खरंच उतरते का? घरी कसं तपासावं? चांगला पेला कुठे मिळेल?

चोपड्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभा जन्म गेला, त्यामुळे या पेल्याचं कौतुक ऐकून कान किटलेत.

आमचे दाजी यात्रेतून असा पेला घेऊन आले. रात्री पाणी भरायचं, सकाळी उपाशीपोटी प्यायचं. पाणी तांबूस होतं आणि उन्हात धरलं की निळसर झाक मारतं. ती झाक दाखवायला दाजींनी अख्खी गल्ली ओट्यावर गोळा केली. "देख, औषध उतरनं पानीमा!" झाक बिवळ्याच्या लाकडाचीच, मान्य. पण तिचा रक्तातल्या साखरेशी काय संबंध?

पुढे शुगर खाली आली, हेही खरं. पण त्याच सुमारास ताईने घरात भात बंद केला, शेवभाजीवरची तर्री गेली, चहा बिनसाखरेचा झाला आणि दाजी पहाटे मळ्यापर्यंत चालत जायला लागले. श्रेय मात्र सगळं पेल्याला. एका वेळी एकच गोष्ट बदला, मग बोलू, असं म्हटलं तर लग्नाच्या भर पंगतीत मला ऐकवलं, "तुले काय समजस, तू नुसता रंगत काढनारा!"

तर या रंगत, म्हणजे रक्त, काढणाऱ्याचं ऐका. तपासणी झालेली आहे. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, चार केंद्रांवर नुकताच मधुमेह निघालेल्या रुग्णांना विजयसार, म्हणजे आपला बिवळाच, देऊन पाहिला. निकाल १९९८ साली छापून आला. ९७ पैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. दाजी इथवरच वाचतात. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, मात्र सरासरी ९.८ वरून ९.४ वरच आलं, आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. शिवाय तिथे औषध रोज २ ते ४ ग्रॅम असं मोजून होतं. तुमच्या पेल्यातून रात्रभरात किती उतरलं, कोण मोजणार?

झाडपाला म्हणजे थोतांड, असं मी म्हणत नाही. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचा उगमही गॅलेगा नावाच्या युरोपातल्या रोपाकडेच जातो. पण १९५७ साली झाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरने रुग्णांवर वापरून निष्कर्ष छापले तेव्हा ते औषध म्हणून उभं राहिलं. ओट्यावर गल्ली गोळा करून नाही.

घरी पाहायचंच असेल तर आधी एचबीए१सी करा. तीन महिने जेवण, चालणं, गोळ्या जशाच्या तशा ठेवून फक्त पेला सुरू करा आणि पुन्हा त्याच लॅबमध्ये जा. ग्लुकोमीटरच्या एका सकाळच्या आकड्यावर पेढे वाटू नका. दशांशाच्या फरकावर तर नाहीच.

हां, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. इन्सुलिन किंवा जोराच्या गोळ्या चालू असतील तर पेलासुद्धा त्यांना सांगूनच. साखर फार खाली गेली की घाम फुटतो, हातपाय थरथरतात. बिननावाच्या पुडीतल्या भुकटीला तर हातच लावू नका, असल्या पुड्यांत ॲलोपॅथीच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत.

पेल्याचं दुकान मला माहीत नाही. दाजींना असेल, पण त्यांना विचाराल तर तासभर मोकळा ठेवा.