फीच्या रकान्यात ‘प्रभू देईल’

“मॅडम, माझा देवावर विश्वास आहे. तरी पैशांचा विचार आला की रात्री दोनला जाग येते. म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?”

शिक्षण अर्ध्यात सुटलेल्या आणि आता पोरंबाळं सांभाळत पुन्हा कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या बायका माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा हा प्रश्न मला फार विचारतात. कुणी म्हणतं विठोबा बघून घेईल, कुणी म्हणतं स्वामी पाठीशी आहेत, कुणी म्हणतं प्रभू पुरवील. ज्या ताईंबद्दल लिहितेय त्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातल्या. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय चौतीस. मराठी घेऊन बी.ए. झालेलं, मग लग्न, दोन मुलं. सात वर्षं एका खासगी शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवत होत्या, पगार ७,००० रुपये. बी.एड. नाही म्हणून पगार वाढत नव्हता. त्यांच्यामागून आलेल्या पोरी बी.एड.च्या जोरावर पुढं गेल्या. ताईंनी घरात कुणाला फारसं न सांगता सीईटी दिली, पहिल्याच फेरीत कॉलेज लागलं, आणि तिथून झोप उडाली. प्रवेश पक्का करायला जेमतेम काही दिवस होते. बी.एड. दोन वर्षांचं, हजेरी कडक, त्यात वीस आठवडे शाळेत प्रत्यक्ष पाठ घ्यायचे. नोकरी सुटणार हे उघड होतं.

पहिल्या भेटीत त्यांनी पिशवीतून एक वही काढली. पुढच्या पानांवर रविवारच्या उपदेशाची टिपणं, मागच्या पानांवर घरखर्च. भाडं ४,५००, किराणा-दूध ७,०००, गॅस आणि लाईट १,७००, मुलांचं २,८००, सासूबाईंची औषधं ९००, बायकांच्या गटातून घेतलेल्या कर्जाचे आठवड्याचे हप्ते मिळून २,६००, नवऱ्याच्या पगारातून चर्चला द्यायचा दशांश १,५००. सगळं नीट, पेनानं, रुपयापर्यंत. आणि त्याखाली एक ओळ : कॉलेजची फी. तिच्यापुढं आकडा नव्हता. ‘प्रभू देईल’ एवढंच लिहिलेलं होतं.

मी विचारलं, “किती देईल?”

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “ते विचारायलाच गेले नाही मी कॉलेजात.”

माझ्या मते त्यांची अडचण इथं होती. विश्वास भरपूर होता, भीतीही होती, आणि दोन्ही एका माणसाच्या पोटात सुखेनैव राहू शकतात. दोनला जाग येते ती पोटापाण्याची जबाबदारी अंगावर आहे म्हणून. ज्या बाईनं सात वर्षं घर चालवलंय तिला महिन्याला ७,००० कमी होताना काळजी वाटणारच. त्याला अविश्वास म्हणून स्वतःला बोल लावला की काळजीच्या जोडीला अपराधीपणही येऊन बसतं, आणि मग माणूस आकड्याकडे बघायचंच टाळतो. ताईंना मी स्पष्ट म्हटलं, “तुम्ही रोज प्रार्थना करता ना? मग प्रभूला नेमका आकडा सांगा. त्याच्यापासून काय लपवायचं?”

त्यावर त्या पहिल्यांदा हसल्या. मग घरची गोष्ट सांगितली. त्यांची पणजी केडगावच्या मुक्ती मिशन या आश्रमात, तो काढणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या छायेत वाढलेली. दाणे संपले की बाई प्रार्थनेला बसायच्या आणि दारात धान्याची गाडी उभी राहायची, हे ऐकत ताई लहानाच्या मोठ्या झाल्या. “त्यांनी कुणापुढं हात पसरला नाही. मग मी कशी पसरू?”

रमाबाईंच्या श्रद्धेबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, म्हणूनच ही गोष्ट अर्धी सांगितली जाते याचं मला वाईट वाटतं. १८८९ साली शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा सुरू होण्याआधी रमाबाई अमेरिकेत गावोगाव व्याख्यानं देत फिरल्या होत्या, पुस्तक लिहून पैसा उभा केला होता. १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या नावानं मंडळ निघालं, त्यानं दहा वर्षं मदतीचा शब्द दिला. किती मुली, किती खर्च, हे त्या लोकांपुढं उघड मांडत होत्या. केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली, पुढं छापखाना चालवला. गुडघे टेकून प्रार्थना करणारी बाई आणि हिशेबाच्या वह्या घेऊन बसणारी बाई एकच होती.

ताई बायबल माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं जाणतात, म्हणून मी त्यांनाच त्यातल्या ‘२ राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायातली विधवेची गोष्ट सांगायला लावली. सावकार दोन्ही मुलांना गुलाम करून न्यायला आलाय, घरात तेलाच्या एका कुपीशिवाय काही नाही. अलीशा संदेष्टा तिला आधी विचारतो, घरात काय आहे? मग सांगतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडकी आणू नकोस. भांडी भरत गेली तोवर तेल वाहत राहिलं, भांडी संपली तसं थांबलं. मग आधी तेल विकून कर्ज फेड, उरेल त्यावर घर चालव.

सांगता सांगता ताई थांबल्या. “भांडी तिलाच मागायला जावं लागलं,” त्या म्हणाल्या. “दारोदार.”

तिथून पुढं आमचं बोलणं बदललं. वहीत नवं पान काढलं. घरात काय आहे, ते आधी. नवऱ्याचा पगार १५,०००. ते टेम्पो चालवतात. ताईंचे ७,००० गेले की महिन्याला ६,००० कमी पडणार. संध्याकाळी घरी आठ मुलांची शिकवणी घेतली तर ३,२०० येतील, कमी पडणारे राहिले २,८००. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, तरी जाऊन-येऊन महिन्याला १,२०० धरावे लागले. म्हणजे ४,०००. गटाचा हप्ता जानेवारीत संपणार होता, त्यानंतर तूट १,४०० वर येणार. खरी ओढाताण ऑक्टोबर ते जानेवारी, मिळून १६,०००. आकडा मोठा होता, पण त्याला शेवट होता. इतके दिवस रात्री दोनला जो डोंगर दिसत होता, त्याला शेवट नव्हता.

राहिली फी. कॉलेजच्या फलकावर ३८,०००. ताईंना माहीतच नव्हतं, आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणींना नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयानुसार महाराष्ट्रात आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आधी निम्मं माफ असायचं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. अर्ज सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा. ताईंकडे इतर मागास वर्गाचा दाखला होता, जातवैधता भावाबरोबर पूर्वीच काढलेली होती. नॉन क्रिमिलेअर आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नव्यानं काढावा लागला, मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. सेतू केंद्रात दोनदा परत पाठवलं, एकदा सर्व्हर बंद म्हणून, एकदा रेशनकार्डावरचं नाव जुळत नाही म्हणून.

कॉलेजच्या खिडकीवर पहिल्यांदा उत्तर मिळालं, “आधी पूर्ण भरा, शिष्यवृत्ती आली की परत घ्या.” ताई तशाच माघारी आल्या. दुसऱ्या वेळी शासन निर्णयाची प्रत घेऊन थेट प्राचार्यांना भेटल्या. काय बोलायचं ते आम्ही आधी माझ्या खोलीत तीनचार वेळा म्हणून पाहिलं होतं, कारण फीबद्दल बोलायचं म्हटलं की त्यांचा आवाजच बसायचा. हमीपत्र लिहून घेऊन प्राचार्यांनी फक्त इतर शुल्काचे ६,५०० भरायला सांगितले.

म्हणजे एकूण २२,५००. हा आकडा ताईंनी फीच्या ओळीपुढं लिहिला. ‘प्रभू देईल’ खोडलं नाही, खोडायचं कारणही नव्हतं.

मग भांडी. पहिलं भांडं घरातच होतं. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून पुढच्या भेटीला मी दोघांना बोलावलं. वही बघून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “सीईटी दिलीस ते तरी सांगायचंस.” मुलांचे सकाळचे डबे त्यांनी त्या दिवसापासून स्वतःकडे घेतले. दशांश थांबवावा का, हे ताईंनी मला विचारलं होतं. तो माझा विषय नव्हे, पाळकसाहेबांशी बोला म्हटलं. ते दोघं बोलून आले आणि दशांश चालू ठेवायचं त्यांनी ठरवलं.

त्यांच्या चर्चच्या मंडळीत शिक्षणासाठी निधी होता. ताईंनी स्वतः त्यात दरवर्षी हंगामाच्या सणाला पैसे टाकले होते. त्यातून मागायचं म्हटल्यावर मात्र त्या रडल्या. बाकीच्या काय म्हणतील? मी विचारलं, तुमच्या पैशानं शिकलेल्या मुलीला तुम्ही कधी काही म्हणालात? आठवडाभरानं अर्ज दिला. ८,००० मिळाले. भावानं ५,००० दिले. नणंदेकडे गेल्या तिथं मात्र, “पोरं शिकवायची सोडून आईच शिकायला निघाली,” असं ऐकून आल्या. ते फार लागलं. एक अख्खी भेट आम्ही त्यावरच बोललो.

आणि एक गोष्ट त्या बोलता बोलता सांगून गेल्या. शाळेकडे त्यांचा दोन महिन्यांचा पगार अडकला होता, १४,००० रुपये. मागितला का? नाही. “प्रभू न्याय करील म्हणून सोडून दिला.” हक्काचे पैसे मागणं हा लोभ नाही, हे त्यांना पटवायला मला बराच वेळ लागला. शेवटी लेखी अर्ज दिला. एका महिन्याचा पगार हातात पडला, दुसऱ्याचं अजून चाललंय.

८,०००, ५,००० आणि ७,००० मिळून २०,००० झाले. उरलेल्या २,५०० साठी मायक्रोफायनान्सचं नवं कर्ज घ्यायचं त्यांच्या मनात आलं होतं. जुना हप्ता फिटत आलेला असताना नवा नको, असं मी आग्रहानं सांगितलं. त्यांनी कॉलेजात पुन्हा एकदा विचारून इतर शुल्काचे दोन टप्पे करून घेतले. या वेळी मला न विचारताच.

पहिलं वर्ष आता संपत आलंय. माफीचा अर्ज दर वर्षी नव्यानं भरायचा असतो, त्याचे कागद त्यांनी आत्ताच एका फाईलमध्ये लावून ठेवलेत. मे महिन्यात शिकवणीची मुलं गावाला जातात, तेव्हाचे ३,२०० कुठून आणायचे हे अजून ठरलेलं नाही. परवा सांगत होत्या, दोन ठिकाणी विचारून आल्यात, तिसरीकडे सोमवारी जाणार आहेत.