हँड कंट्रोल किट नंतर, आधी गाडीत बसून बघा

दादा, पाय चालत नसताना गाडी चालवायला कुठलं हँड कंट्रोल किट (ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची जोडणी) घ्यावं असं विचारलंत, पण किटचे व्हिडिओ बघणं जरा थांबवा. मीपण तेच करत बसलो, भारी उंच गाडी बुक केली आणि घरी आल्यावर कळलं की व्हीलचेअरवरून सीटवर सरकताच येत नाहीये. सीट साधारण व्हीलचेअरच्याच उंचीची हवी, दार मोठं उघडायला हवं, आणि घडी केलेली व्हीलचेअर डिकीत जाते का तेपण शोरूममध्येच बघा (सीएनजीची टाकी असेल तर अवघडच आहे). लाजायचं नाही, चार वेळा चढून उतरून बघायचं, सेल्समन थांबतो.

मग पाय. डावा पाय चालत नसेल तर बऱ्याचदा साधी ऑटोमॅटिक पुरते, काही बसवायचीच गरज नाही. उजवा असेल तर डाव्या पायाचा ॲक्सिलरेटर किंवा हँड कंट्रोल, दोन्ही असतील तर हँड कंट्रोलच. पण हातात ब्रेक पूर्ण दाबायचा जोर आहे का ते आधी तपासा, नुसतं हळू दाबून नाही, एकदम कचकन.

नवीन लोक हमखास चुकतात ते:
- दुखापत ताजी असतानाच किट बसवतात, ताकद अजून बदलत असते, थेरपिस्टला विचारा.
- आरटीओची मंजुरी घेत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे ती लागतेच, बदल आरसीवर चढवा आणि इन्शुरन्सवाल्यालाही कळवा.
- पहिल्याच दिवशी हायवे. आधी मोकळं मैदान, शेजारी कोणीतरी बसवून.

लायसन्सचं नंतर सांगतो, आधी कुठला पाय ते लिहा.