खात्यांच्या प्रणाली एपीआयने जोडता येत असताना मेटाडेटा रजिस्ट्री हवीच कशाला?

हवीच. आणि प्रणाली बांधायला घेण्याआधी हवी. एपीआय म्हणजे एका प्रणालीतून दुसरीत माहिती आपोआप नेणारा दुवा. मेटाडेटा रजिस्ट्री म्हणजे त्या माहितीतल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ लिहून ठेवलेली सामाईक नोंदवही.

2016 साली एका जिल्ह्यात मी कंत्राटी प्रोग्रामर होतो. अंगणवाडी, शाळा आणि आरोग्य पथक यांच्या याद्या एकत्र करून कुठल्या गावातली मुलं तपासून झाली ते दाखवायचं होतं. गावाचा सामाईक कोड कुठेच नव्हता. शाळेच्या 11 अंकी यू-डायस क्रमांकात गावाचे अंक असतात, पण ते शिक्षण खात्याचे स्वतःचे. बाकी नावं. एकीकडे 'बु.', दुसरीकडे 'बीके', तिसरीकडे 'बुद्रुक'. मी म्हटलं, आधी जनगणनेचे नाहीतर एलजीडीचे, म्हणजे केंद्र सरकारच्या गावांच्या यादीतले, कोड लावून घेतो, पंधरा दिवस द्या. साहेब म्हणाले, "नावावरून जोड. जुळत नसेल तर शेवटचा शब्द उडव." मी उडवला.

पिंपळगाव बुद्रुक आणि पिंपळगाव खुर्द एक झाले. नाव बदलून सांगतोय, गावं दुसरी आहेत. पथक बुद्रुकला जाऊन आलं आणि स्क्रीनवर खुर्दही हिरवं झालं. दीड महिन्याने खुर्दच्या सेविकाताईंचा फोन आला. "दादा, आमची पोरं तपासली म्हणून दाखवताय, इथं तर गाडीच आली नाही." दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांच्या वहीत 23 मुलं होती, चार नावांपुढे लाल पेनाने खूण. कमी वजनाची.

त्याच वहीने दुसरा घोळ दाखवला. वयाच्या रकान्यात 48. अंगणवाडी वय महिन्यांत लिहिते, कारण वजनाचा तक्ता महिन्यांवर चालतो. शाळा वर्षांत लिहिते. आमच्या प्रोग्रामने ते मूल 48 वर्षांचं समजून गाळलं होतं. एपीआय असती तरी 48च पोचलं असतं.

रजिस्ट्रीत हेच लिहून ठेवायचं असतं: वय कोणत्या तारखेचं, कशात मोजलेलं, कोणत्या किमती चालतील, व्याख्या बदलायचा अधिकार कुणाचा. आयएसओ/आयईसी 11179 हे त्याचं मानक. त्यात अर्थ वेगळा आणि मांडणी वेगळी नोंदवतात, म्हणून महिने आणि वर्षं या एकाच वयाच्या दोन मांडण्या आहेत हे मशीनलाही कळतं. 'कुटुंब' घ्या. जनगणनेला ते एका चुलीवर जेवणारं, पुरवठा खात्याला एका रेशनकार्डावरचं. हे आधी माणसांनी बसून ठरवावं लागतं.

दोनच खात्यांचं काम असेल तर मात्र 11179 चा अख्खा पसारा मांडू नका, व्याख्यांची एक शीट पुरते. कोडवरही डोळे मिटून विसंबू नका. पालघर 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे 2011 च्या जनगणनेत ती गावं ठाणे जिल्ह्यातच सापडतील. कोड कधीपासून लागू, ती तारीख सोबत ठेवा.

आणि तुमचे साहेब 'व्याख्या नंतर बघू' म्हणाले तर ते लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं. दुरुस्तीला चार महिने गेले. अहवालात 'प्रोग्रामरने गावांच्या नावातील शब्द वगळले' एवढंच आलं. ते खोटं नाही. पण मी पंधरा दिवस मागितले होते, त्याची कुठेच नोंद नाही.