मोर चमकवायचाय, पण जरीचा धागा तुटतोय

प्रश्न : ताई, मी पंचवटीत घरूनच ब्लाउजवर मशीन एम्ब्रॉयडरी करून देते. नवरात्राच्या ऑर्डरी आल्यात, येवल्याच्या पैठणीवर घालायच्या ब्लाउजच्या पाठीवर मोर हवाय आणि तो चमकला पाहिजे असं गिऱ्हाइकाचं म्हणणं. जरीचा धागा लावला की सारखा तुटतो. म्हणून इस्त्रीने चिकटणारा तो चमकी फायबर मागवला, कापडावर पसरून इस्त्री फिरवली तर कापडाला काही चिकटेना, आपल्याआपल्यातच चिकटून पापुद्रा झाला. माल खराब निघाला का?

उत्तर : माल चांगलाय हो, पापुद्रा झाला म्हणजे काम बरोबरच झालं! हा फायबर, अँजेलिना वगैरे नावाने मिळतो तो, पॉलिएस्टरचा असतो आणि गरम केला की फक्त स्वतःलाच चिकटतो, कापडाला नाही. कापडावर तो धरून ठेवायचं काम टाक्यांचं. मागवताना तेवढं बघा की ‘हॉट फिक्स’ लिहिलंय ना, कारण न चिकटणारा प्रकारही मिळतो, त्यावर कितीही इस्त्री दाबा, तो तसाच भुरभुरत राहणार.

आता पापुद्रा नीट कसा करायचा ते सांगते. केकवाले वापरतात तो बेकिंगचा कागद घ्या, मेणाचा अजिबात नको, मेण वितळून इस्त्रीला लागतं. त्यावर फायबर पिंजून इतका विरळ पसरा की खालचा कागद दिसला पाहिजे, वरून दुसरा कागद, आणि इस्त्री सिल्कच्या सेटिंगवर ठेवून वाफ बंद करून दोन-तीन सेकंद दाबून उचला. घासायची नाही. कागद उचलून बघा, तंतू सुटे असतील तर परत एकदा दाबा. कॉटनच्या सेटिंगवर मात्र जाऊ नका, जास्त तापला की रंग मरतो, मोरपंखी निळा मातकट दिसायला लागतो आणि गेलेली चमक परत येत नाही. दोन रंग मिसळून पसरा, निळा-हिरवा, मोराच्या गळ्याला फार सुंदर दिसतो.

मग मशीनवर. सिल्कचा ब्लाउजपीस फ्रेममध्ये करकचून आवळू नका, वळ उठतात. फ्रेममध्ये बॅकिंग पेपर, म्हणजे कापडाला खालून आधार देणारा कागद, लावा आणि कापड त्यावर टाचून घ्या. आधी मोराच्या गळ्याची नुसती आउटलाइन मारून घ्यायची, त्यावर पापुद्रा ठेवायचा, परत एक आउटलाइन मारून तो धरायचा, आणि बाहेर राहिलेला भाग वाकड्या टोकाच्या कात्रीने टाक्याला खेटून कापायचा, अप्लीकला, म्हणजे कापडाचा तुकडा वरून शिवताना, करतो तसंच. कडेला तीनेक मिलिमीटरची सॅटिन, म्हणजे दाट टाक्यांची पट्टी, आली की कापलेली कड झाकली जाते.

खरी गोची भरावाची, म्हणजे आतली जागा भरणाऱ्या टाक्यांची, असते. आपल्या नेहमीच्या डिझाइनमध्ये भरावाच्या दोन ओळींत साधारण 0.4 मिलिमीटर अंतर असतं. तोच भराव वर मारला तर खाली काय चमकतंय ते कुणालाच दिसणार नाही, शिवाय एवढ्या दाट सुईने पापुद्र्याची चाळण होऊन तो फाटतो ते वेगळंच. तेवढ्या भागाचं अंतर दीड-दोन मिलिमीटर करा, अंडरले, म्हणजे भरावाखालचे आधाराचे टाके, काढून टाका, धागा साधा पॉलिएस्टरचा आणि फायबरच्याच रंगाचा. डिझाइन विकत घेतलं असेल तर नुसतं मोठं करून भागत नाही, बरीच सॉफ्टवेअर टाके आपोआप वाढवतात, डेन्सिटी, म्हणजे टाक्यांची दाटी, वेगळी बदलावी लागते. आधी चिंधीवर काढून बघा, पैठणीसोबत आलेल्या पीसवर प्रयोग नको, सिल्कला सुईची भोकं पडली की बुजत नाहीत.

आणि माझं ऐकाल तर फायबर फक्त गळ्याला आणि पिसाऱ्याच्या डोळ्यांना. अख्खा मोर चमकवला की गणपतीचं मखर पाठीवर घेतल्यासारखं दिसतं, आणि शेजारी पैठणीची जर असताना तिच्याशी स्पर्धा कशाला?

जरीचा धागा सोडून द्यायचीही गरज नाही. मोठ्या भोकाची 90 नंबरची सुई लावा, मशीनचा स्पीड निम्म्यावर आणा, वरचं टेन्शन सैल करा, बॉबिनमध्ये साधाच धागा ठेवा, तुटणं बरंच कमी होईल.

प्रश्न : असा ब्लाउज धुवायचा कसा? गिऱ्हाईक कडक इस्त्री करून घालणारं आहे. (कॉलेज रोड)

उत्तर : गार पाण्यात हाताने, न पिळता. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल घालून, कमी तापमानावर. इस्त्रीवाल्याकडे गेला तर तो इस्त्रीच्या बटणावरच्या तीन टिंबांवर, म्हणजे 200 अंशांच्या आसपास, सरळ वरूनच फिरवणार आणि मग फोन तुम्हाला येणार, म्हणून ब्लाउज देतानाच चिठ्ठी लावून द्या. काखेजवळ आणि बाहीच्या घडीवर फायबर नकोच, घासून निघतो आणि टोचतोही.

प्रश्न : फायबर महाग पडतो. त्याऐवजी गिफ्टचा चकचकीत पारदर्शक कागद चालेल का? (सातपूर)

उत्तर : टाक्यांखाली घालायला चालतो, पण असे बरेच कागद पॉलिप्रॉपिलीनचे असतात, ते 160 अंशांच्या आसपास वितळतात आणि त्याच्या आधीच आक्रसतात, म्हणजे इस्त्री लागली की मोराचा गळा चुरगळला. वर चालताना चुरचुर आवाज येतो. तोरण, पर्स, मखराचा पडदा असल्या न धुण्याच्या वस्तूंना खुशाल वापरा. ब्लाउजला फायबरच घ्या, विरळ पसरायचा असल्यामुळे चिमूटभरात गळा होतो, आणि कापलेले तुकडे टाकू नका, पुढच्या वेळी नव्या फायबरमध्ये घालून परत दाबले की चिकटतात.