फोटोशॉप किंवा गिम्पमध्ये सपाट चित्राला खोली कशी आणायची?

तुम्ही विचारलंय की टेबलावरच्या पांढऱ्या कपाचं सपाट रंगांतलं चित्र आहे, त्याला ड्रॉप शॅडो (आकारामागे आपोआप पडणारी सावली) आणि बेव्हल (कडा उंचावल्यासारखी दाखवणारा इफेक्ट) दोन्ही लावून पाहिलं, ओव्हरलेची (वरचा थर खालच्या रंगांत मिसळायच्या एका मोडची) युक्तीही करून झाली, तरी कप कागदातून कापून चिकटवल्यासारखाच दिसतो. मग काय करायचं?

आधी बेव्हल काढून टाका. त्याला आकाराची फक्त कड दिसते. कपाचं पोट गोल आहे, तोंड आत खोल आहे, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. ड्रॉप शॅडो तर कपाची सावली मागच्या उभ्या भिंतीवर टाकते, आणि तुमचा कप उभा आहे आडव्या टेबलावर. चिकटवल्यासारखा दिसतो तो यामुळेच.

ब्रश उचलायच्या आधी उजेड कुठून येतोय ते ठरवा. राखाडी पार्श्वभूमीवर एक वर्तुळ काढून त्यात वर पांढरा, खाली काळा असा ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) भरून पाहा; फुगीर गोटी दिसेल. आता तेच वर्तुळ १८० अंशांत फिरवा, की गोटीचा खळगा होतो! उजेड वरूनच येणार हे मेंदू धरूनच चालतो. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांचे अशाच वर्तुळांवरचे प्रयोग १९८८ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे खास कारण नसेल तर दिवा वर डावीकडे ठेवा, आणि कोपऱ्यात वेगळ्या लेयरवर (चित्रावरच्या वेगळ्या थरावर) तसा बाण काढून ठेवा. मी अजूनही काढतो.

आता ओव्हरले का चाललं नाही ते. ५० टक्के राखाडीचा लेयर ओव्हरले मोडवर ठेवून त्यावर डॉज-बर्न (हवं तिथे उजळ-गडद) करणं ही चांगली पद्धत आहे, पण ओव्हरलेमध्ये खालचा शुद्ध पांढरा पांढराच राहतो आणि शुद्ध काळा काळाच. तुमचा कप पांढरा. मग कितीही घासलंत तरी काय होणार? इथे मल्टिप्लाय हवा, म्हणजे खालचा रंग गडद करणारा मोड. कपावर नवा लेयर घ्या, मोड मल्टिप्लाय करा आणि फोटोशॉपमध्ये कंट्रोल-ऑल्ट-जी दाबून तो कपाला क्लिप करा, म्हणजे रंग कपापुरताच राहील. गिम्पमध्ये कपाच्या लेयरवर ‘आल्फा टू सिलेक्शन’ (कपाच्या आकाराची निवड) केलंत की रंग बाहेर जाणार नाही.

मऊ ब्रश, ओपॅसिटी (रंगाचा दाटपणा) १०-१५ टक्के, आणि रंग काळा नको. थेट उजेड पोचत नाही तिथेही आकाशाचा, भिंतींचा उजेड पोचतोच, म्हणून सावलीला रंग असतो. मळकट निळा किंवा जांभळट राखाडी घ्या. काळ्याने कप काजळी धरल्यासारखा होतो.

सगळ्यात गडद पट्टा कपाच्या उजव्या कडेवर नसतो, कडेच्या थोडा अलीकडे असतो. टेबलावरून उसळलेला उजेड कडेला जरा उजळवतो. ही बारीकशी उजळ कड राखली की पोट गोल दिसायला लागतं. बाकी सगळं केलं आणि हीच विसरली तर कप अर्धा कापल्यासारखा दिसतो.

कपाच्या आतली बाजू मात्र उलटी. उजेड डावीकडून येत असेल तर आतली डावी भिंत अंधारात आणि उजवी उजेडात. माझ्या पहिल्या कपात मी आतही बाहेरसारखंच रंगवलं होतं. दोन दिवस काहीतरी खटकत होतं, कळत नव्हतं. कपाच्या तोंडावर झाकण बसवल्यासारखं दिसत होतं. आतला भाग आडवा उलटवला आणि कप एकदम पोकळ झाला.

टेबलावरची सावली दोन लेयरवर करा. पहिली बुडाला अगदी लागून, बारीक, गडद, जवळजवळ ब्लर नसलेली. कप टेकलेला दिसतो तो हिच्यामुळे, आणि नेमकी हीच बहुतेक जण गाळतात. दुसरी उजवीकडे, दिव्याच्या विरुद्ध दिशेला पसरलेली, फिकी. तिच्यावर गॉशियन ब्लर, म्हणजे कडा धूसर करणारा फिल्टर. लांब जाईल तशी सावली विरघळत जाते, म्हणून लेयर मास्कमध्ये (लेयरचा हवा तो भाग झाकणाऱ्या पडद्यात) ग्रेडियंट ओढून टोक पुसट करा. वेळ असेल तर तिची एक जास्त ब्लर केलेली प्रत घेऊन लांबच्या टोकाला ती दिसू द्या.

मोठ्या, फिक्या छटेत पायऱ्यांसारखे पट्टे दिसले तर घाबरू नका. ८ बिटच्या चित्रात प्रत्येक चॅनलमध्ये (लाल, हिरवा, निळा) २५६च पायऱ्या मिळतात. १६ बिटवर काम करा, नाहीतर शेवटी किंचित नॉइज (बारीक दाणे) टाका.

अधूनमधून सगळ्यांत वर काळ्या रंगाने भरलेला लेयर ‘कलर’ मोडवर ठेवा. चित्र कृष्णधवल दिसेल. त्यातही कप गोल दिसला तर पुढे चला, नाही दिसला तर तो लेयर बंद करून परत मल्टिप्लायवर या.

आणि चित्राचा सपाट बाज टिकवायचाच असेल तर ब्लर अजिबात नको. हीच सावली, हीच जागा, पण एकाच रंगात आणि धारदार कडेची. पोटाच्या वळणाप्रमाणे कड वळवलीत की तेवढ्यानेही काम होतं.